कृष्णवर्णीय उद्योजकांची वेगळी संघटना कशासाठी?

निनाद_एमबीए

नमस्कार मंडळी. मी सध्या अटलांटात एमबीए करतोय. या सत्रात कॉलेजने मला इथल्या कृष्णवर्णीय उद्योजकांच्या एका संघटनेत प्रोजेक्टसाठी पाठवलंय. शहराचं चेंबर ऑफ कॉमर्स आहे, छोट्या उद्योगांना मदत करणारी सरकारची स्मॉल बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन आहे, बँका पावलोपावली आहेत. मग वंशाच्या नावावर वेगळी संघटना कशाला? मनापासून विचारतोय, वाद घालायला नाही. बैठकांना बसतो तर निम्मा वेळ 'बाँड'वर बोलणं चालतं. तेही कोणी समजावलं तर बरं होईल.

वैशाली_अटलांटा

निनाद, मी इथे सीपीए आहे, म्हणजे आपल्याकडच्या सीएसारखी. बांधकाम ठेकेदारांचे हिशेब बघते आणि त्यातले बरेच जण कृष्णवर्णीय आहेत. आधी बाँडचंच सांगते, कारण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

सरकारी बांधकामाला जामीनदार लागतो. ठेकेदाराने काम अर्धवट टाकलं तर ते पुरं होईल याची हमी शुअरिटी कंपनी देते, तो बाँड. केंद्र सरकारच्या दीड लाख डॉलरवरच्या बांधकामाला तो कायद्यानेच लागतो. शुअरिटीवाले तीन गोष्टी बघतात: खेळतं भांडवल, आधी पार पाडलेली कामं आणि बँकेतली पत. ढोबळ हिशेब असा की खेळत्या भांडवलाच्या १० पट कामाला बाँड मिळतो. हाताशी ५० हजार डॉलर असतील तर ५ लाखांचं काम. म्हणजे मोठं काम केल्याशिवाय मोठा बाँड नाही आणि मोठ्या बाँडशिवाय मोठं काम नाही.

ज्याच्या घरात हा धंदा आधीपासून आहे त्याच्यामागे वडील किंवा काका सही करायला उभे राहतात. कृष्णवर्णीय ठेकेदाराच्या घरात तेवढी मालमत्ता सहसा जमलेलीच नसते आणि त्याला कारण आहे. इथे धंद्याचं पहिलं भांडवल बहुतेकदा राहत्या घरावर कर्ज काढून उभं राहतं. १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगवल्या गेल्या आणि तिथल्या घरांना कर्ज मिळणं दुरापास्त झालं. आजोबांना घर घेता आलं नाही, तर नातू गहाण काय ठेवणार?

एक उदाहरण देते. रंगकाम आणि ड्रायवॉलचा (जिप्सम बोर्डाच्या भिंतींचा) एक ठेकेदार संघटनेमार्फत माझ्याकडे आला. हाताखाली चांगली माणसं, काम चोख, पण शुअरिटीने अर्ज परत पाठवलेला. मी त्याच्याकडून चालू कामांचं पत्रक बनवून घेतलं. प्रत्येक कामाची ठरलेली रक्कम, आजवरचा खर्च, अजून होणारा खर्च आणि काढलेली बिलं, एवढंच त्यात असतं. एका शाळेच्या कामावर त्याने झालेल्या कामापेक्षा जास्त बिल आधीच उचललं होतं. तो पैसा नफा समजून त्याने नवा ट्रक घेतला होता. शुअरिटीच्या लेखी ते देणं! कामात हुशार असलेल्या माणसाला ही गोष्ट तोवर कोणी सांगितलीच नव्हती. संघटनेतला एक जुना ठेकेदार त्या दिवशी शेजारी बसून होता. पत्रक सुधारल्यावर त्याने आपल्या ओळखीच्या बाँड एजंटला स्वतः फोन लावला, 'याचं काम मी पाहिलंय' म्हणाला. लहान का होईना, पहिला बाँड मिळाला. चेंबरच्या नाश्त्याला व्हिजिटिंग कार्डं पुष्कळ मिळतात, असा फोन करणारं माणूस मिळत नाही.

सुहास_ठाणे

वैशालीताई, पटतंय, पण अडचण गोऱ्या गरीब ठेकेदारालाही येत असेलच ना? वंश बघून मदत म्हणजे पुन्हा भेदभावच. तिथली कोर्टंही आता तेच म्हणताहेत.

वैशाली_अटलांटा

सुहासदादा, गोऱ्या गरिबाचंही भलं व्हावं, त्याबद्दल दुमत नाही. पण आधी आपल्याच लोकांचं बघा. मोटेल चालवणाऱ्या भारतीयांना, त्यातही गुजराती पटेल मंडळींना, इथे विमा मिळेना, बँका कर्ज देईनात. शेजारचे मोटेलवाले 'अमेरिकन मालकीचं' अशा पाट्या लावायचे. तेव्हा त्यांनी १९८९ मध्ये याच अटलांटात आशियाई हॉटेलमालकांची संघटना काढली. तिला आपण कौतुकाने 'एकी' म्हणतो. मग कृष्णवर्णीयांनी तेच केलं की भेदभाव कसा होतो?

आणि त्यांनी ते फार आधी केलं. कृष्णवर्णीयांचे नेते बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १९०० मध्ये बॉस्टनमध्ये नॅशनल निग्रो बिझनेस लीग ही उद्योजकांची संघटना काढली. गुलाम म्हणून जन्मलेल्या अलोन्झो हर्नडन यांनी केशकर्तनालयाच्या कमाईतून १९०५ मध्ये अटलांटात विमा कंपनी उभारली. १९०६ च्या दंगलीत कृष्णवर्णीयांची दुकानं फोडली गेली आणि त्यांचा व्यापार ऑबर्न ॲव्हेन्यूकडे सरकत गेला. निनाद, एकदा तिथून चालत जा.

मेनार्ड जॅक्सन १९७४ मध्ये अटलांटाचे महापौर झाले तेव्हा शहराच्या कंत्राटांत कृष्णवर्णीयांचा वाटा १ टक्काही नव्हता. विमानतळाच्या नव्या टर्मिनलच्या कामात २५ टक्के वाटा अल्पसंख्याक कंपन्यांना मिळालाच पाहिजे, यावर ते अडून बसले. टर्मिनल १९८० मध्ये उघडलं. पण महापौराने दार उघडलं तरी आत जायला कागदपत्रं तयार असलेली कंपनी लागते. ती तयारी संघटना करून घेतात.

कोर्टाचं म्हणाल तर खरं आहे. १९८९ मध्ये सुप्रीम कोर्टाने रिचमंड शहराचा अल्पसंख्याक कंपन्यांना ३० टक्के काम देण्याचा नियम रद्द केला, तेव्हापासून शहरांना आधी भेदभावाचा पुरावा गोळा करावा लागतो. त्या पुराव्यात आकडेवारीबरोबर उद्योजकांच्या साक्षीही लागतात, आणि त्या जमवायला कोणीतरी हवं. इथल्याच फिअरलेस फंड या गुंतवणूक संस्थेची कृष्णवर्णीय स्त्रियांसाठीची २० हजार डॉलरची अनुदान योजना २०२४ मध्ये खटल्यापायी बंद पडली. मला त्याचं फार वाईट वाटलं. पण हिशेब शिकवणं, ओळख करून देणं, टेंडर निघतंय हे वेळेत कळवणं, हे काम त्या खटल्याने थांबलेलं नाही.

कंत्राटदार_नांदेड

ताई, वाचताना आमचीच गोष्ट वाटली. आमच्याकडं बाँडच्या जागी अनामत आणि बँक गॅरंटी. मी बौद्ध समाजातला, रस्त्याची छोटी कामं घेतो. बँक मॅनेजर पहिल्यांदा विचारतो, 'जागा आहे का नावावर?' मिलिंद कांबळे यांनी २००५ मध्ये पुण्यात डिक्की, म्हणजे दलित उद्योजकांचं चेंबर, काढली, तेव्हा आमच्याही लोकांनी 'चेंबरला जात कशाला' असंच विचारलं होतं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय उद्योजकांचं उदाहरण तेव्हा कांबळेंसमोर होतं. २०१२ च्या केंद्राच्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांकडून ४ टक्के खरेदी आली, पण ती कशी मिळवायची हे मला तालुक्याच्या ऑफिसात कुणी सांगितलं नाही. मेळाव्यात शेजारी बसलेल्या भावानं सांगितलं.

निनाद_एमबीए

वैशालीताई, भाऊ, डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आता प्रोजेक्टमध्ये त्यांच्या खरोखर उपयोगी पडेल असं काय करू? ते म्हणतात, वेबसाइट बनवून दे.

वैशाली_अटलांटा

वेबसाइटही कर, पण आधी अडकलेल्या पैशांची यादी कर. प्रत्येक बिलातले ५ ते १० टक्के काम संपेपर्यंत राखून ठेवतात. उपठेकेदाराचं काम मार्चमध्ये संपतं, पण इमारत पुढच्या वर्षी पुरी होते आणि तोवर त्याचा पैसा अडकतो. काही मुख्य ठेकेदार त्यानंतरही चालढकल करतात. एकट्याने तक्रार केली तर पुढचं काम जातं, म्हणून कोणी तोंड उघडत नाही. सगळ्या सदस्यांकडून घे: कोणतं काम, किती रक्कम, कधीपासून. नावं काढून टाक आणि आकडे संघटनेच्या हाती दे. मग शहराच्या खरेदी विभागात त्यांना ते घेऊन जाता येतील. पत्रकाचा नमुना तुला व्यक्तिगत निरोपात पाठवते.