पीएफ सल्लागाराने उशिरा भरला, नोटीस मला का?

चाकणला माझं छोटं वर्कशॉप आहे. कामगारांचा पीएफ वेळेवर कापून सल्लागाराकडे देत होतो. त्याने २०२३ ची चलनं उशिरा भरली. आता १४बी ची (पीएफ उशिरा भरल्याच्या दंडाच्या कलमाची) नोटीस माझ्या नावाने! वेल्डरने मुलीच्या लग्नासाठी पीएफमधून ॲडव्हान्स मागितला तेव्हा पासबुकात महिने कोरे निघाले. फार जिव्हारी लागलं.

>> साहेब, कायद्याला मालकच दिसतो. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरणा तुमचीच जबाबदारी. हेतू वाईट नव्हता म्हणून १४बी टळत नाही, सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्येच सांगितलंय. उशिराबद्दल ७क्यू कलमाचं वर्षाला १२ टक्के व्याज वेगळं.

>> सुनावणीला स्वतः जा दादा. सल्लागाराकडून वसुली नंतर, दिवाणी दाव्याने. आणि सीएला विचारा, २०२३ चा कामगारांचा हिस्सा उशिरा भरला असेल तर त्या वर्षाच्या प्राप्तिकरात त्याची वजावट मिळत नाही.

>> पीएफ पोर्टलचा पासवर्ड आजच बदला.