टाइप रेटिंगचा बाँड: सही करण्याआधी कशावर अडून बसू?

उजवी_सीट
मंडळी, सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) होऊन दीड वर्ष झालं. आता कुठे पहिली ऑफर आली आहे, ए३२० विमानासाठी. टाइप रेटिंगचे (त्या विशिष्ट विमानाच्या प्रशिक्षणाचे आणि परवान्याचे) पैसे कंपनी भरणार, पण तीन वर्षांचा बाँड आहे. पहिल्या महिन्यात सोडा की पस्तिसाव्या, रक्कम पूर्ण परत करायची. लाइन ट्रेनिंग (प्रवाशांसह उड्डाणं करत शिकणं) संपेपर्यंत पगार नाही. पुढे उडवलेल्या तासांवर पगार, पण किमान तासांचा उल्लेखच नाही. डोक्यावर आधीचं कर्ज आहे, त्यामुळे नाही म्हणायचा धीर होत नाही. असे करार ज्यांनी पाहिलेत त्यांनी कृपया सांगा.

जुना_कॅप्टन
आधी अभिनंदन. बाँड असणं मला गैर वाटत नाही. टाइप रेटिंग तुमच्या लायसन्सवर चढतं, ते घेऊन तुम्ही उद्या दुसरीकडे जाऊ शकता, म्हणून कंपनीलाही काही हमी हवी. पण तो महिन्यागणिक उतरता हवा. ३६ महिन्यांचा बाँड १८ महिन्यांनी निम्म्यावर यायलाच हवा. रक्कमही प्रत्यक्ष झालेल्या खर्चाएवढीच, बिल दाखवून. कंपनीनेच काढलं, किंवा मेडिकल (उडवण्यासाठीचा वैद्यकीय दाखला) गेलं, तर वसुली नाही हे करारात स्पष्ट लिहून घ्या.

लाइन ट्रेनिंगचं मात्र मला फार लागतं. मागे तिकीट काढलेले प्रवासी बसलेत, शेजारी ट्रेनिंग कॅप्टन आहे, विमान कमाई करतंय आणि को-पायलट बिनपगारी! ते शिक्षण आहे तसं कामही आहे. काही ठिकाणी तर त्या तासांचे पैसे उलट वैमानिकाकडूनच घेतात, त्याला ‘पे टू फ्लाय’ म्हणतात. तसली ऑफर आली तर दारातूनच परत फिरा. दर सहा महिन्यांचा सिम्युलेटर चेकही कंपनीच्याच खर्चाने.

रोस्टरवाली
मी क्रू रोस्टरिंगमध्ये (कर्मचाऱ्यांच्या ड्यूट्या लावण्याच्या कामात) बरीच वर्षं होते. तुमच्या ऑफरमध्ये मला सगळ्यात जास्त खटकलं ते किमान तासांची हमी नसणं. आजारी पडलात की त्या दिवसाची कमाई गेली. सर्दीने कान बंद असताना ड्यूटीवर आलेली मुलं मी पाहिली आहेत, कारण हप्ता थांबत नाही. कर्जातला माणूस ‘मी थकलोय, आज उडवत नाही’ असं सहजी म्हणत नाही.

युरोपच्या नियमांत ७ दिवसांत ६० तास ड्यूटी आणि २८ दिवसांत १०० तास उड्डाण ही कमाल मर्यादा आहे. रोस्टर करणारे पुष्कळदा तिलाच उद्दिष्ट मानतात. म्हणून विचारा: सलग किती रात्री लावता? पहाटे २ ते ६ शरीर सगळ्यात मंद असतं. स्टँडबायचे (बोलावणं येईल म्हणून तयार राहण्याचे) पैसे मिळतात का? फटीग रिपोर्ट (थकव्याची लेखी तक्रार) दिला तर पगार कापता का?

सिम_इन्स्ट्रक्टर
ताईंशी सहमत. १२ फेब्रुवारी २००९ ला अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचं फ्लाइट ३४०७ पडलं, ५० माणसं गेली. मुख्य कारण कॅप्टनने स्टॉलच्या (पंखांची उचल जाण्याच्या) इशाऱ्याला दिलेला चुकीचा प्रतिसाद होतं. पण चौकशीत दोघांचा थकवाही पुढे आला. को-पायलट रात्रभर सिअ‍ॅटलहून प्रवास करून कामावर आली होती, आणि तिच्या तुटपुंज्या पगाराचीही चर्चा झाली. पुढे अमेरिकेत ड्यूटीआधी १० तास विश्रांतीचा नियम आला, हे चांगलंच झालं. सोबत को-पायलटलाही साधारण १,५०० तास उड्डाणाची अट आली, आणि ते तास जमवायचा भार पुन्हा शिकणाऱ्यावरच पडला.

उजवी_सीट
सगळ्यांचे आभार. पण नवख्याने एवढं मागितलं तर ऑफरच काढून घेतील ना?

जुना_कॅप्टन
सगळं एकदम मागू नका. उतरता बाँड, मेडिकलचं कलम आणि किमान तास, या तिन्हींवर ठाम राहा. तोंडी आश्वासन धरू नका, ईमेलवर उत्तर मागा. बॅचमधले बाकीचे असतील तर एकत्र पत्र द्या, एकट्याला टाळणं सोपं असतं. आणि सही करण्याआधी कामगार कायद्याच्या वकिलाला करार दाखवाच, त्या फीकडे बघू नका.

उजवी_सीट
आम्ही सहा जणांनी मिळून पत्र दिलं. बाँड महिन्यागणिक उतरता करायला तयार झालेत! किमान तासांवर ‘पाहू’ म्हणालेत. सोमवारपर्यंत सही मागताहेत.

रोस्टरवाली
फार बरं वाटलं वाचून. ‘पाहू’वर सही करू नका, सहाही जणांनी मिळून आठवडाभराची मुदत मागा. आणि मेडिकलच्या कलमाचं काय झालं, ते तुम्ही लिहिलं नाहीत.