आई, मी रडलो नाही हं

अबोली:

मुलगा सहा वर्षांचा आहे. शेजारचा त्याचा जिवलग मित्र गेल्या रविवारी दुसरीकडे राहायला गेला. दोघं रांगत होते तेव्हापासूनची जोडी. सामानाची गाडी निघाली तेव्हा हा फाटकाची कडी धरून उभा होता, मी त्याच्या मागेच. हनुवटी थरथरली, खालचा ओठ दाताखाली गेला, दोनदा आवंढा गिळला आणि मग हात हलवला. गाडी वळणाआड गेली तसा माझ्याकडे वळून म्हणाला, "आई, मी रडलो नाही हं." शाबासकी हवी होती त्याला. आणि मी ती दिली. डोक्यावरून हात फिरवून "शहाणं माझं बाळ" म्हणाले.

त्या रात्रीपासून त्याचं पोट दुखतंय. डॉक्टरांनी तपासलं, काही सापडलं नाही. जेवतो, खेळतो, पण संध्याकाळी मित्राची हाक यायची ती वेळ झाली की पोट धरून बसतो. "त्याची आठवण येते का रे?" असं विचारलं तर "नाही, पोट दुखतंय." खोटं बोलत नाहीये तो, त्याचं खोटं मला कळतं.

"मुलगा आहेस ना, रडतोस काय" हे आमच्या घरात सगळेच म्हणतात. माझ्याही तोंडून कितीदा गेलं असेल. मुलीला असं कोणी म्हणत नाही. ती रडली की जवळ घेतो, पण चिडली की गप्प बसवतो. तो दुःख लपवतोय, की त्याला ते दुःख म्हणून जाणवतच नाहीये? आणि हे माझ्यामुळे झालंय का?

दूर्वा:

अबोलीताई, मानववंशशास्त्र शिकवते म्हणून लिहायचं धाडस करते. लपवणं आणि न जाणवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुम्ही त्या अचूक वेगळ्या केल्यात.

लपवण्याबद्दल एकमन आणि फ्रीझन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1969 मध्ये लिहिलं. कोणासमोर कोणती भावना किती दाखवायची याचे नियम प्रत्येक समाज शिकवतो. त्यांनी जपानी आणि अमेरिकन विद्यार्थ्यांना अंगावर येणाऱ्या चित्रफिती दाखवल्या. एकटे असताना दोघांचे चेहरे बरेचसे सारखे बदलले. संशोधक समोर बसला तेव्हा मात्र जपानी विद्यार्थी हसऱ्या चेहऱ्याने ते झाकू लागले. त्या प्रयोगावर पुढे आक्षेप घेतले गेले, पण प्रश्न तिथून नीट मांडला जाऊ लागला. आपल्याकडे भरतमुनींनी भाव आणि अनुभाव अशी फोड फार आधीच केली होती: आत असतो तो भाव, अंगावर उमटतो तो अनुभाव.

दुसरी गोष्ट याहून खोल आहे. रॉबर्ट लेव्ही हा मानववंशशास्त्रज्ञ 1960 च्या दशकात प्रशांत महासागरातल्या ताहिती बेटावर राहिला. तिथल्या भाषेत रागाला ढीगभर शब्द, पण आपण ज्याला दुःख म्हणतो त्याला नेमका शब्दच त्याला सापडेना. जवळचं माणूस दूर गेलं की माणसं सांगायची, अंग जड झालंय, थकवा आलाय, बरं वाटत नाही. आणि ते त्यांना आजारपणच वाटायचं. विरहाशी कोणी त्याचा संबंध जोडत नसे. ती माणसं सोंग करत नव्हती. जे होत होतं त्याला बसायला त्यांच्याकडे जागा नव्हती, म्हणून ते शरीरात जाऊन बसलं.

तुमच्या मुलाला 'दुःख' हा शब्द येतो. पण तो आपल्यासाठी नाही, हे त्याने शिकून घेतलं असावं. 'पोट दुखतंय' म्हटलेलं मात्र घरात चालतं. त्याला कोणी रागावत नाही.

सहप्रवासी:

माझं वय 52. वडील गेले त्या दिवशी मी दवाखान्यातल्या बिलाच्या खिडकीवर एका मुलीवर इतका ओरडलो की लोक जमा झाले. तिची काहीच चूक नव्हती. मला तेव्हा खरंच वाटत होतं की मला राग आलाय. वर्षभर मी चिडकाच होतो. शेवटी बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला बाबांची आठवण येते." आठवण हा शब्द तिने उच्चारला तेव्हा मला कळलं की हे आठवणीमुळे आहे. मुलग्यांना एक राग तेवढा माफ असतो, बाकी सगळं मग त्याच दाराने बाहेर पडतं. पोरगं सहा वर्षांचं आहे तोवर करा काहीतरी. बरं झालं विचारलंत.

तळटीप:

दूर्वांचं पटलं, पण एक बाजू राहिली. प्रत्येक आवरणं म्हणजे गळा आवळणं नव्हे. जीन ब्रिग्ज ही मानववंशशास्त्रज्ञ 1960 च्या दशकात कॅनडाच्या उत्तरेला उत्कू इनुइट लोकांत राहिली. तिथे मोठ्या माणसाने चिडणं पोरकटपणाचं मानत. बाहेरून आलेल्यांनी उत्कूंची होडी मोडली म्हणून ब्रिग्ज भडकली, तर गावाने तिला कित्येक महिने दूर ठेवलं. पण लहान मुलाच्या रडण्या-चिडण्यावर तेच लोक ओरडत नसत. त्याला अजून समज आलेली नाही, येईल तेव्हा आवरेल, असं मानून जवळ घेत. त्यांचा नियम आपल्यापेक्षा कडक होता, पण लेकरांना तो ओरडून शिकवत नव्हते. म्हणून "खुशाल रड" असा नवा हुकूम सोडू नका. रडलं नाही तर चुकलं, हेही ओझंच होईल त्याला.

अबोली:

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. सहप्रवासी, तुमचा वाचून नवऱ्याला दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही.

काल संध्याकाळी त्याच वेळेला मुलाशेजारी पायरीवर बसले. काही विचारलं नाही. म्हटलं, "मला त्या पोराची आठवण येतेय. पोटात कसंतरी होतंय." त्याने वळून पाहिलं. "तुझ्या? कुठे?" मी बेंबीच्या वर हात ठेवला. तो म्हणाला, "माझं इथे होतं, थोडं वर," आणि माझा हात ओढून बरगड्यांच्या मधे ठेवला. मग विचारलं, "मोठ्यांचं पण होतं?" मी हो म्हटलं. "मग तू काय करतेस?" मला उत्तर सुचलं नाही, म्हणून खरं ते सांगितलं, की कधी रडते, कधी नुसती बसते.

रडला नाही तो. पण अंधार पडेपर्यंत तिथून उठला नाही आणि मला हातही काढू दिला नाही.