स्वीटहार्ट अॅबीची डर्वोरगिला आणि तिच्या सासरी कोंडलेला भाऊ

शेवंती (धागाकर्ती)
मागच्या महिन्यात स्कॉटलंडला जाणं झालं तेव्हा डमफ्रीजच्या दक्षिणेला न्यू अॅबी नावाच्या गावातला स्वीटहार्ट अॅबी हा पडका मठ बघितला. लाल दगड, छप्पर नाही, कमानी मात्र उभ्या, आणि भोवती ग्रॅनाइटच्या धोंड्यांची अवाढव्य भिंत. गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. स्कॉटलंडच्या नैऋत्येच्या गॅलोवे मुलखाच्या सरदार अॅलनची मुलगी डर्वोरगिला, तिचा नवरा जॉन बेलियल १२६८ मध्ये वारला, तिने त्याचं हृदय मसाले भरून हस्तिदंती पेटीत ठेवलं, जेवायला बसली की पेटी शेजारी आणि त्याच्या वाटचं जेवण गरिबांना. १२७३ मध्ये तिने हा मठ स्थापन केला, १२९० मध्ये ती गेल्यावर पेटी तिच्यासोबतच पुरली. म्हणून मठाचं लॅटिन नाव डुल्के कोर, गोड हृदय.

मीही तिथे डोळे पुसले, खोटं कशाला सांगू. पण घरी येऊन वाचायला बसले आणि तिचा सावत्र भाऊ थॉमस समोर आला. १२३४ मध्ये अॅलन वारला, मागे तीन मुली आणि हा एक अनौरस मुलगा. गॅलोवेच्या लोकांना आपल्या मुलखाचे तुकडे नको होते, त्यांनी स्कॉटलंडचा राजा अलेक्झांडर दुसरा याला सांगितलं की हवं तर तूच आमचा धनी हो, पण वाटणी नको. राजाने ऐकलं नाही तेव्हा ते थॉमसच्या नावाने उठले. १२३५ मध्ये राजाने बंड मोडलं आणि थॉमस कैदेत गेला, कुठे तर इंग्लंडच्या उत्तरेला बार्नार्ड कॅसलमध्ये, म्हणजे डर्वोरगिलाच्या सासरच्या किल्ल्यात! आणि तो सुटला १२९६ मध्ये. साठेक वर्षं. नवऱ्याच्या हृदयासाठी मठ उभा करणाऱ्या बाईला भावाच्या कोठडीचं काही वाटलं नसेल का? मला ती दोषी वाटते. तुम्हाला काय वाटतं?

पोथीवाचक
ताई, असहमत. १२३५ ला ती जेमतेम पंचविशीची, बंड राजाने मोडलं, कैदी राजाचा, किल्ला नवऱ्याचा. त्या काळात लग्न झालेल्या बाईची जमीनसुद्धा नवऱ्याच्या ताब्यात जायची, मग कोठडीची किल्ली तिच्या हातात कुठून येणार. दुसरं म्हणजे कायदा. औरस मुलगा नसेल तर मुलींनी सारखी वाटणी घ्यायची, अनौरसाला काही नाही, ही त्या वेळची सरंजामी रीत. गॅलोवेच्या गेलिक भाषा बोलणाऱ्या लोकांची जुनी रीत वेगळी होती, तिथे असा मुलगाही धनी होऊ शकायचा. म्हणजे भांडण दोन रिवाजांचं होतं आणि राजाला गॅलोवे मोडायचाच होता. एक धनी राहिला असता तर तो उद्या राजालाच जड गेला असता, तीन जावयांत वाटलं की काम सोपं.

उंबरठा
पोथीवाचक यांना +१. आणि मला हेही वाटतं की मुलींना वाटणी मिळाली तर लगेच त्यांना भावाचे वैरी ठरवू नये. माझ्या आईने हक्कसोडपत्रावर सही केली तेव्हा सगळे म्हणाले किती चांगली बहीण. डर्वोरगिलाने वाटणी सोडली असती तर आज आपण तिला चांगली म्हटलं असतं का, एवढंच विचारते.

शेवंती
उंबरठा, तुमचं दुखणं कळतं, आणि वाटणी घेण्याबद्दल माझी तक्रार नाहीच. वाटणी घ्यावी, पण म्हणून माणूस म्हातारा होईपर्यंत कोंडायचा? आणि पोथीवाचक, १२६८ नंतर ती विधवा होती. विधवेला त्या काळी आपल्या जमिनीवर स्वतःचा हक्क. १२८२ मध्ये तिने ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजला स्वतःच्या शिक्क्याने नियम लावून दिले. मूळ गोष्ट नवऱ्याची, डरहॅमच्या बिशपशी भांडला म्हणून प्रायश्चित्त म्हणून गरीब विद्यार्थी पोसायला घेतले होते, पण ते टिकवलं हिने. श्रीमंत विद्यार्थ्यांनी बेताने राहावं म्हणजे गरिबांवर खर्चाचा भार पडणार नाही, विद्यार्थ्यांनी आपला मुख्य आपणच निवडावा, असं सगळं बारीक बारीक तिने लिहून दिलंय. एवढा विचार करणाऱ्या बाईला एक शब्द टाकता आला नसता?

कागदपत्र
एक दुरुस्ती. विधवेला आपलं माहेरचं वतन मिळायचं हे बरोबर, पण बार्नार्ड कॅसल बेलियलांचा, तो मुलांकडे गेला. आधी ह्यू, मग अलेक्झांडर, शेवटी धाकटा जॉन. म्हणजे १२६८ नंतरही तो किल्ला तिचा नव्हता. आणि हृदयाच्या पेटीची जेवणाची गोष्ट आपल्याला सांगतो तो विंटन नावाचा इतिवृत्तकार, तो लिहितो पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला, तिच्यानंतर सव्वाशेहून जास्त वर्षांनी. तेव्हा त्या गोष्टीवरून ती प्रेमळ होती हे जसं ठरत नाही तसंच एवढी प्रेमळ असून भावाशी अशी का वागली हा प्रश्नही त्यावर उभा राहत नाही.

वाटसरू
मला कागदपत्र यांचं पटतं पण अर्धंच. कारण हा वारसाहक्काचा दोर तिच्या घराला पुढेही गुंडाळत गेला ते बघा. १२९० च्या जानेवारीत ती गेली, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्कॉटलंडची लहानगी वारस, नॉर्वेची मार्गारेट, वारली आणि गादी रिकामी. डर्वोरगिलाची आई स्कॉटिश राजघराण्यातल्या हंटिंग्डनच्या डेव्हिडची थोरली मुलगी, ब्रूस घराणं धाकट्या मुलीचं. ब्रूस म्हणाला मी डेव्हिडचा नातू, एक पिढी जवळचा. डर्वोरगिलाचा धाकटा मुलगा जॉन बेलियल म्हणाला आमची शाखा थोरली. १२९२ मध्ये निकाल जॉनच्या बाजूने लागला, तो राजा झाला, सगळं आईच्या रक्तावर. म्हणजे ज्या कायद्याने थॉमस बाहेर गेला त्याच जातीच्या कायद्याने तिचा मुलगा गादीवर आला. कायद्याचा एवढा फायदा ज्या घराला झाला त्या घराला "आमच्या हातात काही नव्हतं" म्हणता येईल का?

आणि १३०६ मध्ये याच ब्रूसच्या नातवाने, रॉबर्ट ब्रूसने, गादीसाठीचा प्रतिस्पर्धी रेड कॉमिन याला डमफ्रीजच्या ग्रेफ्रायर्स मठाच्या चर्चमध्ये मारलं. तो कॉमिन डर्वोरगिलाच्या मुलीचा मुलगा, आणि तो मठही तिनेच वसवलेला असं म्हणतात. ती हे बघायला नव्हती हे बरंच झालं.

पोथीवाचक
वाटसरू, निकाल इंग्लंडचा राजा एडवर्ड पहिला याने दिला आणि तो बेलियल घराचा कुणी उपकारकर्ता नव्हता. चार वर्षांत त्यानेच जॉनची गादी काढून घेतली. डर्वोरगिलाने थॉमसला सोडवायचं म्हटलं असतं तरी तो सुटला की गॅलोवे पुन्हा पेटणार ही भीती खरी होती. १२४७ मध्ये तिच्याच थोरल्या बहिणीच्या नवऱ्यावर, रॉजर द क्विन्सीवर, गॅलोवेचे लोक उलटले होतेच की.

शेवंती
कागदपत्र, किल्ल्याबद्दल चुकले, मान्य. पण पोटच्या मुलाच्या किल्ल्यात आईचा शब्द चालत नव्हता हे माझ्या गळी उतरत नाही. आणि तो सुटला ते कुणाच्या दयेने नाहीच. १२९६ मध्ये एडवर्डला जॉनविरुद्ध गॅलोवेचे लोक आपल्या बाजूला हवे होते म्हणून म्हाताऱ्या थॉमसला कोठडीतून काढून मुलखात नेलं आणि त्याच्या विनंतीवरून म्हणून लोकांना जुने हक्क देणारी सनद दिली. तरुणपणी आत गेलेला माणूस गॅलोवेत परतला तेव्हा त्याला ओळखणारं कोण उरलं असेल? न्यू अॅबीला डर्वोरगिलाची मूर्ती आहे, डोकं नाही, पण छातीशी हृदय धरलेलं आहे. बार्नार्ड कॅसल अजून बघितला नाही. पुढच्या वेळी आधी तिथे जाणार.