मदत हवी आहे : दृष्टी-बाह्यकातील (मेंदूच्या पाहण्याशी संबंधित बाह्य थरातील) न्यूरॉन नुसते ‘थकतात’ का?

नमस्कार. मी मुंबईत बारावीला जीवशास्त्र शिकवते आणि गतीच्या उत्तराभासावर (हलते दृश्य बराच वेळ पाहिल्यावर स्थिर वस्तू उलट दिशेने सरकल्यासारखी भासणे) एक तासिका बसवत आहे. प्रयोग मुलांना लोकलमध्येच करायला सांगितला आहे. खिडकीच्या एकाच गजावर नजर रोखून बसायचे आणि पलीकडची खडी व रूळ मागे पळू द्यायचे. दादरला गाडी थांबली की फलाट गाडीच्या दिशेने पुढे सरकल्यासारखा भासतो. (नजर बाहेरच्या खांबांमागे धावू लागली की भास फिका पडतो, हे वारंवार बजावावे लागते.)

आजवर मी सांगत आले ते असे की, एका दिशेच्या गतीला प्रतिसाद देणारे न्यूरॉन सततच्या उद्दीपनाने मंदावतात, विरुद्ध दिशेचे मंदावत नाहीत, आणि गती थांबल्यावर दोघांमधला तोल ढळतो. बार्लो आणि हिल या संशोधकांनी १९६३ मध्ये सशाच्या दृष्टिपटलात हेच नोंदवले; गती थांबल्यावर पेशींचे विद्युत-स्पंद विश्रांतीच्या पातळीच्याही खाली गेले. माणसात मात्र एका डोळ्याने पाहून दुसऱ्याने तपासले तरी भास, क्षीण का होईना, टिकतो. दोन्ही डोळ्यांचे संदेश एकाच पेशीवर येऊन मिळतात ते बाह्यकात, तेव्हा निदान काही अनुकूलन (सततच्या उद्दीपनाने प्रतिसाद बदलणे) तिथेच घडत असले पाहिजे.

माझे अडते ते पुढे. मेंदूशास्त्रज्ञ मृगांक सूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये मांजराला ठरावीक कोनात कललेल्या रेषा बराच वेळ दाखवल्या, तेव्हा प्राथमिक दृष्टी-बाह्यकातील न्यूरॉनची पसंती (ज्या कोनाला तो सर्वाधिक प्रतिसाद देतो तो कोन) त्या कोनापासून दूर सरकली. दाखवलेल्या कोनाच्या बाजूचा प्रतिसाद घटला, ते थकव्यात बसते. पण पलीकडच्या बाजूचा प्रतिसाद चक्क वाढला. थकलेली पेशी अधिक जोमाने कशी स्पंदेल? मंदावलेल्या पेशींकडून शेजाऱ्यांवर येणारा निरोध (प्रतिसाद दाबणारा संदेश) सैल पडतो, असे मला वाटते, पण ते वर्गात ठामपणे सांगावे का?

दुसरा पेच याहून अवघड आहे. साधारण १५ अंश कललेल्या रेषा मिनिटभर पाहिल्या की सरळ उभी रेघ उलट बाजूला कललेली दिसते. परंतु पेशींची पसंती दूर सरकली आणि मेंदू मात्र त्यांच्या संदेशाचा अर्थ पूर्वीसारखाच लावत राहिला, तर ती रेघ उलट त्या रेषांच्याच बाजूला कललेली दिसायला हवी; कारण आता सरळ रेघेला सर्वाधिक प्रतिसाद देतील त्या पेशी पूर्वी त्या रेषांच्या बाजूचा कोन पसंत करणाऱ्या असतील. मग प्रतिसादातील घट पसंतीच्या सरकण्यावर मात करते, की पुढचे टप्पे आपले वाचन बदलतात? या विषयात काम केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. स्पष्टीकरण बारावीच्या मुलांना पेलेल असे असावे, एवढीच विनंती.