मदत हवी आहे : खर्रा सोडताना ग्रीन टी द्यावा का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या गावात खर्रा (तंबाखू, सुपारी आणि चुन्याचं मिश्रण) सोडवण्याचं काम सुरू आहे. बाजारात ग्रीन टीच्या अर्काची कॅप्सूल 'कॅन्सर होऊ देत नाही' म्हणून विकतात. लोक ती गिळतात आणि खर्रा तसाच चघळतात. याचीच मोठी काळजी आहे.

ग्रीन टीनं कॅन्सर टळतो हे माणसांवरच्या अभ्यासांतून ठरलेलं नाही, 2020 च्या कॉक्रेन आढाव्यातही (अनेक अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, हे सांगून झालं. साधा चहा वेगळा, अर्क वेगळा : दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी (ग्रीन टीतला मुख्य घटक) अर्कातून घेतलं तर यकृताला त्रासदायक ठरू शकतं. बोर्टेझोमिब हे कॅन्सरवरचं औषध चालू असेल तर ईजीसीजी टाळायचंच. लोहाच्या गोळीसोबतही चहा नको.

अडचण वेगळीच आहे. सुपारीनं ज्यांचं तोंड तीन बोटंही उघडत नाही, त्यांना खर्र्याऐवजी बडीशेप, भाजलेली जवस, 2 मिलिग्रॅमचा निकोटिन गम, काहीच चावता येत नाही. तिखटही झोंबतं. दंतवैद्यांकडे तपासणीला पाठवलं आहे. सुपारी असलेलं काही नको, खर्च रोज दहा रुपयांच्या आत हवा.

तलफ येताच कोमट, बिनसाखरेचा ग्रीन टी (65 अंशांवरचा कडकडीत नाहीच) घोट घोट दिल्याचा कुणाला अनुभव आहे का? दिवसाला किती कप, आणि रात्रीच्या झोपेचं काय?