रूलबुकांच्या किमती: 1978 चा हिशेब पुण्यात लावू नका

वीसपैलू

मागच्या धाग्यावर एका सदस्यानं ठणकावून लिहिलं की, डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या टेबलावरच्या भूमिकाखेळाचं 1978 चं प्लेअर्स हँडबुक, म्हणजे खेळाडूंचं नियमपुस्तक, 9.95 डॉलरला होतं, महागाई धरली तर 2024 चे 48 डॉलर होतात आणि 2024 चं 49.99 ला मिळतं. सबब पुस्तकं महाग झालेलीच नाहीत, तक्रार करणारे चिक्कू आहेत. तिथे उत्तर देणार होतो, पण लांबलं म्हणून वेगळा धागा काढतोय.

1978 हे वर्ष सोयीचं म्हणून निवडलंय. 2000 साली तिसरी आवृत्ती 19.95 ला आली. ती 2024 च्या पैशात 36 डॉलर, आणि तीही रंगीत छपाईची. तिथून मोजलं तर भाव चांगलाच चढलाय. पाया कुठलं वर्ष धरता त्यावर उत्तर बदलतं, मग त्या एका आकड्यावर लोकांना चिक्कू कशाला म्हणता?

दुसरं, आपण रुपयात विकत घेतो. 2014 च्या ऑगस्टमध्ये डॉलर 61 च्या आसपास होता, म्हणजे तेव्हाच्या 49.95 डॉलरच्या हँडबुकाचे साधारण 3,050 रुपये. सप्टेंबर 2024 मध्ये डॉलर 84. छापील किंमत चार सेंटनं वाढली आणि आपल्याला 4,200 पडले. अमेरिकेतला तक्ता इथे लावून उपयोग नाही, इथल्या माणसाला 38 टक्के जास्त मोजावे लागले. तिन्ही मूळ पुस्तकं (खेळाडूंचं, खेळ चालवणाऱ्याचं आणि राक्षसांचं) घेतली तर साडेबारा हजार. त्यात कुरिअर नाही आणि 2019 च्या अर्थसंकल्पापासून आयात पुस्तकांवर लागलेलं 5 टक्के सीमाशुल्कही नाही.

काळीशाई

प्रचंड असहमत. रुपया घसरला हे प्रकाशकाच्या खात्यावर कसं टाकता?

तुमच्याच पद्धतीनं 2014 पासून मोजा. तेव्हाचे 49.95 म्हणजे 2024 चे 66 डॉलर. म्हणजे दहा वर्षांत पुस्तक खऱ्या अर्थानं चतुर्थांशानं स्वस्त झालं. आणि पानं 320 ची 384 झाली. सोळा पानी फर्मा (एका तावावर छापून घडी घातलेला जुडगा) धरला तर 20 चे 24 फर्मे. चार रंग, दोन्ही बाजू, म्हणजे फर्म्याला 8 प्लेटा, एकूण 192. त्यावर चित्रकार, संपादक, खेळून तपासणारे. 49.99 मधले प्रकाशकाच्या हातात पडतात साधारण 20, कारण वितरक पुस्तक छापील किमतीच्या 40 टक्क्यांच्या आसपास दरानं विकत घेतो. त्या 20 मध्ये छपाई, जहाज, गोदाम सगळं आलं.

वजनही बघा. साडेआठ बाय अकरा इंच, 384 पानांचे पाठपोट 192 कागद, शंभर जीएसएम (चौरस मीटरला शंभर ग्रॅम) कागद धरला तर नुसता कागद 1 किलो 150 ग्रॅम. पुठ्ठा धरून दीड किलो. हे फुकट समुद्र ओलांडत नाही.

वीसपैलू

प्रकाशकाला दोष कुठे दिला? 'महाग झालेलं नाही' या वाक्याला आक्षेप आहे. 2014 पासूनचा तुमचा आकडा बरोबर आहे, तो मान्य करतो. पण मग 2023 चं काय? महाकाय राक्षसांवरचं पुस्तक, 'बिग्बी प्रेझेंट्स', आलं तेव्हापासून नवीन पुस्तकांची छापील किंमत 59.95 केली होती. मूळ तीन पुस्तकं 49.99 ला ठेवली, पुरवणी पुस्तकं महाग. पहिलं पुस्तक परवडलं की पुढची घ्यावीच लागतात, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

जुनाफासा

तुम्ही दोघंही एकाच कंपनीवर अडकलात. खरी वाढ किमतीत दिसत नाही, पुस्तकांच्या संख्येत दिसते.

पाथफाइंडर (दुसऱ्या कंपनीचा असाच खेळ) दुसरी आवृत्ती, 2019: एकच कोअर रूलबुक, 640 पानं, 59.99. बारा क्लास (पात्रांचे पेशे), डीएमचे, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचे, नियम, सगळं एकात. 2023 च्या रीमास्टरमध्ये (सुधारित आवृत्तीत) प्लेअर कोअर 464 पानं, किंमत तीच 59.99. पण बारापैकी सातच क्लास त्यात. अल्केमिस्ट, बार्बेरियन, चॅम्पियन, मंक, सॉर्सरर हवे असतील तर प्लेअर कोअर 2. डीएमचे नियम जीएम कोअरमध्ये. एकाची तीन झाली. तक्त्यात 'दर स्थिर' दिसेल, कपाटात तीन पुस्तकं दिसतील.

काळीशाई

त्या दोन जास्तीच्या पुस्तकांत नवीन मजकूरही आहे, स्वॅशबकलर आणि इन्व्हेस्टिगेटरसारखे क्लास जुन्या कोअरमध्ये नव्हतेच. आणि पाथफाइंडरचे सगळे नियम आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या संकेतस्थळावर कंपनीच्या परवानगीनं फुकट आहेत. ज्याला परवडत नाही त्यानं तिथे वाचावं. अर्धी गोष्ट सांगून लोकांना भडकवू नका.

जुनाफासा

भडकवत नाही, मोजतोय. फुकट वाचता येतं हे छापील पुस्तक महाग झाल्याचं उत्तर होत नाही. धाग्याचं नाव परत वाचा.

एडिसनकर

इथे अमेरिकेतही एक गैरसमज पसरलाय तो दूर करतो. एप्रिल 2025 मध्ये चिनी मालावरचं आयातशुल्क 145 टक्क्यांवर गेलं तेव्हा प्रत्येक दुकानदार 'टॅरिफमुळे पुस्तकं महाग' म्हणू लागला. छापील पुस्तकं त्या शुल्कातून वगळलेली होती. फासे, मिनिएचर, नकाशे घातलेले खोक्यातले संच मात्र सापडले. तेव्हा नुसत्या हार्डकव्हरवर कुणी टॅरिफचं कारण सांगितलं तर ते मान्य करू नका. भारतातही हीच काळजी घ्या: संच 'खेळ' धरला गेला की पुस्तकाची सवलत जाते. पुस्तक आणि फासे वेगवेगळे मागवा.

निळाड्रॅगन

किमतीचं सोडा हो. साठ डॉलर घेता तर पानं सुटू नयेत एवढी तरी अपेक्षा ठेवायची की नाही? चौथ्या सत्राला मधली पानं हातात येतात. शिवलेली पुस्तकं बंद करून सगळ्यांनी डिंकावर आणलंय. पूर्वी जुजबंदी असायची.

काळीशाई

अवांतर आहे, पण चुकीचं आहे म्हणून लिहितो. पुस्तक मिटून वरून कण्याकडे बघा. घडी घातलेले जुडगे दिसले तर फर्मे आहेत, सपाट कापलेली कड दिसली तर सुटी पानं डिंकात बसवली आहेत. बहुतेक मोठ्या प्रकाशकांची हार्डकव्हर फर्म्यांचीच असतात.

निळाड्रॅगन

जुडगे दिसले म्हणजे शिवलंय असं अजिबात नाही! नॉच बाइंडिंगमध्येही घड्या दिसतात, तिथे घडीला खाचा पाडून आत डिंक भरतात, दोरा नसतोच. तपासायचं असेल तर फर्म्याच्या बरोबर मध्यावर उघडा, सोळा पानी फर्म्यात आठव्या आणि नवव्या पानाच्या मध्ये. घडीत दोऱ्याचे लांब टाके दिसले तरच जुजबंदी. पाठीकडून बघून प्रमाणपत्र वाटू नका.

काळीशाई

नॉचचा मुद्दा बरोबर, माझं वाक्य अपुरं होतं. पण 'डिंक म्हणजे वाईट' हेही अर्धवट आहे. साधा गरम डिंक, ज्याला ईव्हीए म्हणतात, तो आर्ट पेपरवर टिकत नाही, कारण तो कागदाच्या तंतूंना न धरता वरच्या मातीच्या लेपाला धरतो आणि लेपच सोलून निघतो. पीयूआर डिंक त्याच कागदाला घट्ट धरतो. तो हवेतल्या ओलाव्यानंच पक्का होतो, पूर्ण ताकद यायला दिवसभर लागतो. घाईनं खोक्यात भरला तर पीयूआरही सुटतो. दोष डिंकाचा नसतो, वेळ वाचवण्याचा असतो.

कोकणकडा

दोघांनीही कागदाची धार, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, विचारात घेतली नाही. रत्नागिरीत जूनमध्ये पुस्तक ठेवून बघा. कागद धारेला आडवा फुगतो. धार कण्याला समांतर असेल तर पानं बाहेरच्या कडेकडे वाढतात, काही बिघडत नाही. धार आडवी असेल तर पानाला कण्याच्या दिशेनं वाढायचं असतं, तिथे डिंकानं आवळलेलं असतं, मग पानं लाटांसारखी होतात आणि कणा ताणला जातो. शिवण असो वा पीयूआर, हे थांबत नाही. पान दोन्ही दिशांनी हलकं वाकवून बघा, ज्या वाकवण्यात सहज वळतं, त्या वळणाच्या घडीला समांतर धार.

आणि आर्ट पेपर भिजला तर पानं सुटी करेपर्यंत वाळू देऊ नका. लेप विरघळून पान पानाला चिकटतं, वाळलं की वीट होते. ओलं असतानाच प्रत्येक पानामागे टिपकागद घाला.

जुनाफासा

धागा पुरता भरकटला. किमतीवर कुणी बोलणार आहे का?

निळाड्रॅगन

हे किमतीवरच आहे! दीड किलोचा ऐवज दोन पावसाळ्यांत सुटला तर 4,200 चे 8,400 होतात. त्यापेक्षा जानेवारी 2023 मध्ये एसआरडी 5.1 (डी अँड डीच्या मूळ नियमांची संहिता) क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्यावर आली ती छापून घ्या. 403 पानं, पाठपोट 202 ताव, 75 जीएसएमवर किलोभर वजन. बाजूला दीड रुपया दर धरला तर 600 रुपये. एकच स्पायरल करू नका, दोन सेंटिमीटर जाडीला तार पानं फाडते. पात्रं, मंत्र, राक्षस असे तीन भाग करा, टेबलावर तिघांना एकाच वेळी वापरता येतात. झेरॉक्सवाला अडवू लागला तर परवान्याचं पान दाखवा.

वीसपैलू

एसआरडीत सगळे सबक्लास (क्लासचे उपप्रकार) नाहीत, प्रत्येक क्लासला एकेकच आहे. चित्रं नाहीत. नवीन खेळाडूला ती हातात देऊन पात्र बनवायला सांगितलं तर तो कंटाळतो. डीएमला ती पुरते, हे कबूल. पण छापील पुस्तकाला हा पर्याय म्हणू नका.

काळीशाई

आणि हँडबुकाची डिजिटल प्रत 29.99 डॉलरला आहे, पण ती प्रकाशकाच्या साइटवरचा परवाना आहे, पीडीएफ नाही. त्यामुळे छापील पुस्तकच घ्या, असं मी म्हणेन. वीसपैलू, रुपयातली वाढ खरी आहे, एवढं मान्य. 'महाग झालेलं नाही' हे वाक्य इथल्या ग्राहकाला लागू होत नाही. प्रकाशक लुटतोय हे मात्र मी मान्य करणार नाही.

वीसपैलू

लुटतोय असं मी एकदाही लिहिलं नाही. बाकी ठीक.

टेबलावर पाच जण असतील तर पाच पुस्तकं लागत नाहीत. दोन हँडबुकं आणि डीएमकडे बाकीची दोन, अशी चार पुस्तकं घेतली तर 16,800 होतात, माणशी 3,360. पुस्तकं कुणाकडे राहणार ते आधी ठरवा, टेबल मोडलं की भांडणं तिथूनच होतात.

निळाड्रॅगन

कोकणकडा, एक विचारतो. पुढचा पुठ्ठा सांध्यात सैल झालाय, पानं अजून घट्ट आहेत. काही करता येईल?

कोकणकडा

येईल, आत्ताच करा. पुस्तक उभं ठेवून वरून बघा, पुठ्ठा आणि पानांच्या गठ्ठ्यामध्ये पोकळी दिसेल. विणायच्या सुईला पांढरा फेविकॉल पातळ थरात लावून त्या पोकळीत वरून आणि खालून फिरवा. पाणी घालू नका, आर्ट पेपर सुरकुततो. मिटण्याआधी पहिल्या पानाखाली बटर पेपर घाला, नाहीतर पानही चिकटेल. सांध्याच्या खाचेत बाहेरून सुई दाबून ठेवा, वर वजन, चोवीस तास. नंतर पुस्तक आडवं ठेवत जा. उभं ठेवलं की दीड किलोचा गठ्ठा त्या सांध्याला लटकतो, म्हणून तर तो सुटला.